हिरा गिळून कुणी मरत नाही

जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत एक प्रसंग हमखास असतो. किल्ल्याला वेढा पडलाय, शत्रू दरवाजापर्यंत आलाय आणि राणीसाहेब शांतपणे बोटातली अंगठी ओठांना लावतात. हिरकणी गिळली, की पुढच्या पानावर सगळं संपलेलं. वाचताना आपल्याही घशात आवंढा येतो.

आता खरं काय ते सांगते. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा सख्खा भाऊ. पोटातल्या आम्लाला तो अजिबात दाद देत नाही, रक्तात मिसळत नाही, आणि जसा गेला तसाच एक-दोन दिवसांत बाहेर येतो. हिऱ्यांची तस्करी करणारे लोक हिरे गिळून विमानात बसतात, ते काही मरायला बसत नाहीत! मोठा टोकदार खडा असेल तर आत इजा होईलही, पण ती काचेच्या तुकड्यानंही होते. विष म्हणून हिरा अगदीच कुचकामी.

असे समज गोळा करायची मला खोड आहे. बैल लाल रंग बघून बिथरतो म्हणतात. गाईबैलांच्या डोळ्यांत लाल रंग वेगळा ओळखण्याची सोयच नसते. स्पेनमधला तो बैल चिडतो तो कापडाच्या फडफडण्यानं (आणि त्याआधी पाठीत भोसकलेल्या टोकदार काठ्यांनी). चीनची भिंत चंद्रावरून दिसते म्हणतात. चंद्र राहू दे, २००३ मध्ये चीनचाच पहिला अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फिरून आला आणि आपल्याला भिंत दिसली नाही असं त्यानं सांगून टाकलं. शेरलॉक होम्सच्या त्या पुढे-मागे टोकं असलेल्या सुप्रसिद्ध टोपीचं नाव कॉनन डॉयलनं कथांमध्ये कुठेही घेतलेलं नाही, ती चित्रकार सिडनी पॅजेटची कृपा. आणि १९५९ चं नानावटी प्रकरण हा देशातला शेवटचा ज्यूरी खटला होता असं छातीठोकपणे सांगणारे निदान तीन काका प्रत्येक लग्नात भेटतात. त्यानंतरही काही ठिकाणी ज्यूरीपुढे खटले चाललेत, आणि पारशी घटस्फोटांच्या न्यायालयात ज्यूरीसारखी पद्धत त्यांच्या कायद्यात आजही आहे.

पण गोळा करता करता लक्षात आलं की या समजांची दोन फडताळं करायला हवीत. फडताळ ठरवायचा प्रश्न एकच - हा समज खोटा निघाला तर किंमत कोण मोजतं? बैल, भिंत, टोपी, हिरकणी हे पहिल्या फडताळात. कुणाचं काही बिघडत नाही, चहाबरोबर सांगायला बरं. दुसऱ्या फडताळातल्या समजांची किंमत मात्र कुणीतरी मोजतं. कधी दोन आठवड्यांचा तुरुंगवास, कधी दोन वर्षांचा वाया गेलेला तपास, कधी जीव. आणि या दुसऱ्या फडताळातला बराचसा माल आपल्याकडे रहस्यकथांतून, सिनेमांतून आणि टीव्हीवरच्या गुन्हेगारी मालिकांतून आलेला आहे.

थांबा, लगेच अंगावर येऊ नका. मी रहस्यकथांच्या विरोधात मुळीच नाही. अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड, शिरवळकरांचा दारा बुलंद, दूरदर्शनवरचा गाजर खाणारा करमचंद, रजित कपूरचा ब्योमकेश, या सगळ्यांवर मी मनापासून प्रेम केलंय. 'सीआयडी' तर १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षं आपल्या घरातच राहायला होती, आणि डिसेंबर २०२४ मध्ये परतही आली. शिवाय रहस्यकथांनी जीव वाचवल्याचीही उदाहरणं आहेत. अगाथा ख्रिस्तीनं पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम केलं होतं, त्यामुळे तिची विषं पक्की असतात. तिच्या १९६१ च्या 'द पेल हॉर्स'मध्ये थॅलियमच्या विषबाधेची लक्षणं आहेत, केस गळण्यासकट. १९७७ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात कतारहून आणलेल्या एका लहान मुलीच्या आजाराचं डॉक्टरांना निदान होईना. तिथली एक नर्स नेमकी तेच पुस्तक वाचत होती. तिनं थॅलियमची शंका काढली, तपासणी झाली, थॅलियमच निघालं. मूल वाचलं.

तेव्हा तक्रार कल्पनेबद्दल नाही. तक्रार आहे ती कल्पनेतून आपण उचललेल्या खात्रीबद्दल. मालिकेत डॉ. साळुंखे परीक्षानळीत काहीतरी हलवतात, यंत्र टुंग करून वाजतं आणि खुनी ठरतो. पुरावा जणू स्वतःच बोलतो. खऱ्या जगात पुरावा मुका असतो. त्याच्या वतीनं कुणीतरी माणूस बोलतो, आणि माणूस म्हटला की घाई, दडपण, आधीपासूनचं मत आणि चूक हे सगळं आलंच.

आधी सोप्या गोष्टी घेऊ. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की हिरॉइन दोन सेकंदांत आडवी होते. प्रत्यक्षात क्लोरोफॉर्मनं बेशुद्ध करायला काही मिनिटं सलग हुंगवावं लागतं, आणि मात्रा जरा जास्त झाली तर माणूस दगावतो. भूल देणारे डॉक्टर इतकी वर्षं शिकतात ते काय उगीच? सीसीटीव्हीच्या चित्रात गाडीची नंबरप्लेट दोन ठिपक्यांएवढी असेल, तर 'झूम कर, क्लिअर कर' म्हणून अक्षरं उमटत नाहीत. कॅमेऱ्यानं जे टिपलंच नाही ते संगणक आणणार कुठून? आणलं तर तो अंदाज असतो, पुरावा नव्हे. प्रेताभोवती खडूनं रेघ आखतात म्हणे. जागेचं जसं आहे तसं चित्रीकरण करायचं असताना तिथे खडूची पूड सांडणारा माणूस शहाणा म्हणता येणार नाही.

"खून रात्री साडेदहा ते पावणेअकराच्या दरम्यान झालाय, सर." हे वाक्य तर पाठच झालंय आपल्याला. प्रेत थंड होण्याचा वेग हवेवर, कपड्यांवर, अंगकाठीवर, खालच्या फरशीवर अवलंबून असतो. चंद्रपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर असताना प्रेत थंड होणारच कसं? हवाच अंगापेक्षा गरम! अंग ताठरण्याचंही तसंच. बारा तासांत ताठर होतं, बारा तास राहतं, बारा तासांत सैल पडतं हा आपल्या वैद्यकीय पुस्तकांतला ढोबळ हिशेब, पण उन्हाळ्यात हे सगळं भराभर उरकतं आणि थंडीत रेंगाळतं. म्हणून प्रामाणिक डॉक्टर तासांचा पट्टा सांगतात, मिनिटं सांगत नाहीत. आता विचार करा, एखाद्या आरोपीचं 'मी तेव्हा तिथे नव्हतोच' हे म्हणणं त्या पट्ट्यावरच तोलायचं असेल, तर पावणेअकराचा आग्रह किती महागात पडेल.

आणि विषानं अंग निळं पडतं हा समज? त्याची किंमत थेट आपल्या घरात मोजली जाऊ शकते. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे साठणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्यानं गेलेल्या माणसाचं अंग निळं नाही, उलट गुलाबी-लालसर दिसतं. 'वास तर काही आला नाही, चेहरा पण चांगला दिसतोय' असं म्हणत दारात उभं राहू नका. आधी दार-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा. आणि गिझर बाथरूमच्या बाहेर बसवून घ्या, एवढं कृपा करून कराच.

आता बोटांचे ठसे. हे शास्त्र निम्मं आपलंच आहे बरं का. १८५८ मध्ये विल्यम हर्शल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं बंगालमधल्या कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा उमटवून घेतला. जगातला पहिला फिंगरप्रिंट ब्यूरो निघाला तो लंडनला नाही, कलकत्त्याला, १८९७ मध्ये. ठशांचं वर्गीकरण करायची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा वाटा होता. नाव मात्र लागलं साहेबाचं - 'हेन्री पद्धत'. (हे पहिल्या फडताळातलं, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

ठसे वेगवेगळे असतात हे मान्य. पण गुन्ह्याच्या जागी मिळतो तो अख्खा ठसा नसतो, अर्धामुर्धा, फरपटलेला डाग असतो, आणि तो कुणाचा हे माणूस नजरेनं ठरवतो. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या लोकलगाड्यांत बाँब फुटले, जवळपास १९० माणसं गेली. स्फोटाच्या साहित्याच्या पिशवीवर एक ठसा मिळाला. अमेरिकेच्या एफबीआयनं तो ओरेगनमधल्या ब्रँडन मेफील्ड नावाच्या वकिलाचा ठरवला. एकानं नाही, तीन तज्ज्ञांनी. न्यायालयानं नेमलेल्या चौथ्यानंही मान डोलावली. स्पॅनिश पोलीस सांगत होते की ठसा जुळत नाही, पण ऐकतो कोण? मेफील्ड दोन आठवडे कोठडीत होता. मग स्पेननं तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवून दिलं. अमेरिकन सरकारनं माफी मागितली आणि २००६ मध्ये वीस लाख डॉलर भरपाई दिली.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. इतिएल ड्रॉर या संशोधकानं २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांना त्यानं ठशांच्या जोड्या दाखवल्या आणि हे ते गाजलेले, एफबीआयनं चुकवलेले ठसे आहेत असं सांगितलं. प्रत्यक्षात त्या जोड्या त्या त्या तज्ज्ञानं स्वतःच काही वर्षांपूर्वी 'जुळतात' म्हणून सही केलेल्या होत्या. पाचपैकी तिघांनी आता 'जुळत नाहीत' म्हटलं, एकाला ठरवता येईना, फक्त एकजण आपल्या मतावर राहिला. ठसा तोच, डोळे तेच. बदललं ते फक्त कानावर पडलेलं एक वाक्य. आता आपल्याकडच्या बातम्यांत संशयिताचं नाव, गाव, जात, जुनी भांडणं हे सगळं पहिल्या तासात सगळ्यांच्या कानावर पडलेलं असतं, याची आठवण करून द्यायलाच हवी का?

बरं, डीएनए तरी? तो सगळ्यांत भरवशाचा, यात वाद नाही. पण त्याची पहिली मोठी कामगिरी कोणती माहितेय? इंग्लंडात लेस्टरजवळ दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. एका सतरा वर्षांच्या पोरानं त्यातल्या एकीच्या खुनाची कबुलीही दिली होती. ॲलेक जेफ्रीज यांच्या डीएनए चाचणीनं १९८६ मध्ये आधी त्या पोराला निर्दोष ठरवलं. कबुली देऊन बसलेल्या पोराला! मग पोलिसांनी आसपासच्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले, आणि त्यात कुणीच जुळेना. कारण खऱ्या खुन्यानं, कॉलिन पिचफोर्कनं, आपल्या जागी एका सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवलं होतं. हे उघडकीस कसं आलं? तो सहकारी दारूच्या गुत्त्यात बोलून गेला आणि एका बाईनं ते ऐकून पोलिसांना कळवलं. डीएनएनं जगातला पहिला खुनी पकडला तो असा, कुणाच्या तरी कानामुळे.

आपल्या पुण्याचंच घ्या. १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर खून प्रकरणानं अख्खं शहर संध्याकाळी सातला दारं लावून बसायचं. दहा खून. शेवटी जक्कल आणि मंडळी फासापर्यंत पोचली, १९८३ मध्ये, त्यात त्यांच्याच टोळक्यातला माफीचा साक्षीदार झालेला मुलगा कळीचा होता. चौकश्या, विसंगत उत्तरं, कुणाचं तरी फुटणं. तपास बहुतेक वेळा असाच कंटाळवाणा असतो, म्हणून तर तो टीव्हीवर दाखवत नाहीत.

डीएनएची दुसरी बाजू जर्मनीत दिसली. २००७ मध्ये हाइलब्रॉन गावात एका पोलीस तरुणीचा खून झाला. गाडीवर एका अज्ञात बाईचा डीएनए मिळाला. तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या सुमारे चाळीस गुन्ह्यांच्या जागी सापडलेला होता, खुनापासून भुरट्या चोरीपर्यंत. वर्तमानपत्रांनी तिला 'हाइलब्रॉनचं भूत' नाव दिलं, तीन लाख युरोंचं बक्षीस लागलं. २००९ मध्ये कळलं की अशी बाई आहे, पण ती गुन्हेगार नाही. नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्या ज्या कारखान्यात तयार व्हायच्या तिथे ती कामाला होती! काड्या जंतुविरहित होत्या, डीएनएविरहित नव्हत्या. यंत्रानं अगदी बरोबर उत्तर दिलं होतं, प्रश्नच चुकला होता. खऱ्या मारेकऱ्यांचा, एका नवनाझी टोळीचा, पत्ता लागायला २०११ उजाडलं.

हे वाचून 'चालायचंच' म्हणणाऱ्यांसाठी आणखी एकच. टेक्सासमध्ये १९९१ साली नाताळच्या दोन दिवस आधी कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम याच्या घराला आग लागून त्याच्या तीन लहान मुली गेल्या. तपासनिसांनी फरशीवरचे जळल्याचे ओघळ आणि जाळीसारख्या तडकलेल्या काचा बघून सांगितलं की आग पेट्रोलसारखं काहीतरी ओतून लावली आहे. पुढे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की अशा काचा तापलेल्या असताना पाण्याच्या फवाऱ्यानंही तडकतात, आणि खोली एकदम पेटली की तसे ओघळ आपोआप उमटतात. म्हणजे ज्याला शास्त्र म्हणून कोर्टात मांडलं ते पिढ्यानपिढ्यांचे समज होते. विलिंगहॅमला फेब्रुवारी २००४ मध्ये मृत्युदंड दिला गेला. केसांच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचंही तेच. एफबीआयनं २०१५ मध्ये मान्य केलं की त्यांच्या तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं कोर्टात नको तेवढ्या खात्रीनं साक्षी दिल्या. तपासलेल्या ज्या २६८ खटल्यांत ती साक्ष आरोपीविरुद्ध गेली होती, त्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त खटल्यांत चुका सापडल्या.

अमेरिकेनं निदान मोजलं तरी. आपल्याकडे आपण अजून नार्को टेस्टच्या प्रेमात आहोत. कुठलंही प्रकरण घडलं की दुसऱ्या दिवशी चौकातून मागणी - नार्को करा! त्या औषधानं माणूस गुंगीत बडबडतो, खरंच बोलतो असं नाही. समोरच्यानं सुचवलेलंही बोलतो. 'लाय डिटेक्टर' खोटं ओळखत नाही, तो रक्तदाब, श्वास आणि घाम मोजतो. निष्पाप माणसाला पोलीस ठाण्यात घाम फुटत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा साध्या पासपोर्टच्या कामासाठी जाऊन यावं. (या यंत्राच्या जनकांपैकी एक, विल्यम मार्स्टन, यानंच पुढे 'वंडर वूमन' निर्माण केली. तिच्याकडे खरं बोलायला लावणारा दोर आहे. यंत्रापेक्षा तो दोर जास्त भरवशाचा.) २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका खून खटल्यात मेंदूच्या लहरींची चाचणीही विचारात घेऊन जन्मठेप दिली, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या होत्या. ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही.

आणि मालिकेच्या शेवटची ती कबुली? 'हो, मीच मारलं त्याला!' म्हणून खुनी एसीपी प्रद्युम्नांसमोर रडायला लागतो, केस संपते. आपल्या कायद्यात पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. १८७२ पासून हा नियम आहे, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम २३ मध्ये तो कायम आहे. मकोकासारखे काही विशेष कायदे सोडले, आणि कबुलीतून खरंच एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग सोडला, तर त्या रडण्याला कोर्टात काडीची किंमत नाही. इंग्रजांनासुद्धा माहीत होतं की बंद खोलीत माणूस काय काय कबूल करतो. आपण मात्र संध्याकाळच्या बातम्यांत 'आरोपीची कबुली' ही पट्टी बघितली की निकाल देऊन जेवायला बसतो.

मला विचाराल तर 'सीआयडी' यात सगळ्यांत निरुपद्रवी. दार तोडून आत शिरणारा दया बघून कुणी त्याला माहितीपट समजत नाही. जास्त धोका 'सत्यघटनेवर आधारित' म्हणवणाऱ्या कार्यक्रमांचा आणि बातम्यांतल्या 'नाट्य रूपांतरा'चा. कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, पण डोळ्यांपुढे राहतं ते दृश्य. २००८ मध्ये नॉएडाच्या आरुषी प्रकरणात पहिल्या दिवशी घरात माणसांची नुसती रीघ लागली होती, आणि हेमराजचं प्रेत गच्चीवर दुसऱ्या दिवशी सापडलं. तिथल्या पुराव्याचं जे झालं ते झालं, पण देशभरच्या दिवाणखान्यांत मात्र प्रत्येकाला खुनी माहीत होता. कनिष्ठ न्यायालयानं आईवडिलांना शिक्षा दिली, अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये त्यांना सोडलं. आपण मात्र आपापल्या निकालावर ठाम.

आता शेवटी, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. या समजांची वेळ आपल्यावर येते तेव्हा ती न सांगता येते. आमच्या शेजारचे एक आजोबा काही वर्षांपूर्वी संध्याकाळी फिरायला गेले ते आलेच नाहीत. विस्मरणाचा आजार होता. घरचे लोक रात्रभर शोधत होते, पण पोलिसांकडे गेले नाहीत, कारण 'चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत' हे सगळ्यांना पक्कं ठाऊक! सिनेमात ऐकलेलं. आजोबा दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर सापडले, उन्हानं अर्धमेले झालेले. नशीब थोर म्हणून वाचले. मंडळी, असा कुठलाही चोवीस तासांचा नियम नाही. माणूस हरवलाय असं वाटलं की लगेच जायचं, ११२ ला फोन करायचा. मूल हरवलं तर गुन्हाच नोंदवला पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०१३ मध्ये सांगितलंय. 'ही आमची हद्द नाही' हेही कारण चालत नाही, गुन्हा कुठेही नोंदवून पुढे पाठवता येतो, त्याला झीरो एफआयआर म्हणतात.

पेपरात 'व्हिसेरा राखून ठेवला' असं वाचलं की लगेच 'म्हणजे विष दिलं!' असं कुजबुजू नका. शवविच्छेदनात कारण स्पष्ट झालं नाही की पोटातल्या अवयवांचे तुकडे मिठाच्या दाट पाण्यात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात, एवढाच त्याचा अर्थ. त्या कुजबुजीत एखाद्या सुनेचं किंवा जावयाचं आयुष्य नासतं. आणि अहवाल एका जाहिरातीच्या वेळात येत नाही, महिने लागतात.

कुणावर अत्याचार झाला असेल तर तिला आंघोळ घालण्याची, कपडे धुण्याची घाई करू नका. माया असते ती, पण पुरावा वाहून जातो. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका, मालिकेत भले भरोत. ओल राहिली की बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. सुकवून कागदात गुंडाळायचे. इस्पितळात आधी जा, एफआयआरसाठी थांबायची गरज नाही, खासगी असो की सरकारी, प्रथमोपचार लगेच आणि फुकट देणं त्यांना बंधनकारक आहे. आणि ती कुप्रसिद्ध 'टू फिंगर टेस्ट' कुणी करायला लागलं तर सरळ नाही म्हणा. ती करणं हे गैरवर्तन आहे, असं ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलंय.

कधी पोलिसांनी पंच म्हणून बोलावलं तर टाळू नका, पण पंचनामा वाचल्याशिवाय सहीही करू नका. जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच त्यात आहे ना, हे बघा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फोरेन्सिक तज्ज्ञानं जागेवर येणं सक्तीचं केलंय. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. चांगलंच आहे. पण तो तज्ज्ञ येईपर्यंत जागा शाबूत ठेवणं आपल्या हातात आहे. म्हणजे काय, तर आत न शिरणं, वस्तू न हलवणं, मोबाइलवर फोटो काढून न फिरवणं. सीरियल बघून बघून आपण सगळेच डिटेक्टिव्ह झालोय, त्यातला प्रत्येकजण चप्पल घालून आत जाऊन यायला उत्सुक असतो.

असो. फार गंभीर झालं सगळं. रहस्यकथा वाचा, मालिका बघा, दयाला दारं तोडू द्या. फक्त पुढच्या वेळी कुणी 'हे तर सगळ्यांना माहीत आहे' म्हणालं, की मनात एकदा विचारून बघा, हे खोटं निघालं तर किंमत कोण मोजणार? कुणीच नाही असं उत्तर आलं तर खुशाल सांगत सुटा. हिरकणीवर माझाही काही राग नाही. :)

तुमच्या घरातले असे पक्के समज असतील तर जरूर कळवा. पहिल्या फडताळातलेही चालतील, पण दुसऱ्यातले आधी.